डाव्या कठड्यावर कोण बसलंय?

मामा, आधी जे सांगायचं ते सांगून टाकतो, नाहीतर मी पुन्हा इकडचं तिकडचं बोलत बसेन. तुमच्या 'हिराबाई' बोटीच्या इंजिनावर मी बसवलेला गरमीचा काटा खोटा होता. तुम्हाला ते वर्षभर माहीत होतं. मला काल कळलं.

तुम्हाला जाऊन आज पंधरावा दिवस. परवा तेरावं झालं. काल सकाळच्या भरतीला तुमची बोट तुमच्याशिवाय पहिल्यांदा बंदराबाहेर पडली आणि संध्याकाळच्या भरतीला परत आली. या दोन भरत्यांच्या मधे जे झालं ते तुम्हाला सांगायला मी इथं सातपाटीत, तुमच्याच ओट्यावर बसलोय. आत नयनाच्या आई सुकट निवडतायत. वास येतोय, आणि मी नाक मुरडत नाहीये. एवढं ऐकून तरी हसा.

पहिल्यांदा या ओट्यावर आलो तेव्हा मुरडलं होतं, तुम्ही पाहिलंत. सांगलीकडचा, माळकरी घरातला, बोईसरच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंटचा माणूस, आणि तुमची नयना म्हणते मला याच्याशीच लग्न करायचं. तुम्ही मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलंत. "मासा खात नाय? मंग जगतो कसा?" एवढंच विचारलंत. पण लग्न ठरलं त्या दिवसापासून जे 'जावईबापू' म्हणायला लागलात, ते शेवटपर्यंत. माझं नाव तुमच्या तोंडून मी कधी ऐकलंच नाही.

आणि बाकी सगळ्यांना 'मुडद्या'! तुमचा धनेश मुडद्या, खलाशी मुडदे, बर्फाचा टेम्पोवाला मुडद्या, इंजिन सुरू झालं नाही की इंजिनसुद्धा मुडद्या. नयना सांगायची, लहानपणी तिला वाटायचं हे धनेशचं लाडाचं नाव आहे. मला मात्र खुर्ची, मला नवी चादर, माझ्यासाठी वेगळ्या टोपात वरण. बोटीवर चढायला लागलो की तुम्ही खाली वाकून माझ्या चपला उचलून ठेवायचात. मी किती वेळा म्हटलं, मामा, असं करू नका. "जावयाचा मान हाय तो. तुमाला काय कळतंय?" म्हणायचात.

त्या मानानंच घात केला होता मामा. पण ते पुढं सांगतो.

तुमची बोट जुनी, लाकडी. तुमच्या आईचं नाव तिला दिलेलं. आधी नुसत्या शिडावर चालायची, इंजिन नंतर बसलं. बंदरातल्या बाकीच्या बोटींनी शिडं कधीच माळ्यावर टाकली, तुम्ही मात्र दर वर्षी काढून, उन्हात घालून, शिवून परत बांधून ठेवायचात. इंजिनाजवळ एक पत्र्याची पाटी होती. तिच्यावर तीन भोकं. एका भोकात काच होती पण काटा नव्हता. दुसऱ्यातला दिवा कुणी कधी पेटलेला पाहिला नव्हता. तिसऱ्यात तुमची तंबाखूची डबी बसायची. बरोबर मापाची बसायची, म्हणून तुम्ही त्या भोकाला फार जपायचात.

मी हादरलोच. कारखान्यात आमच्याकडं साध्या पंपावर चार-चार मीटर असतात, आणि इथं सहा माणसं खोल समुद्रात जातात ती तंबाखूच्या डबीच्या भरवशावर! मी विचारलं, "इंजिन तापलं हे तुम्हाला कळतं कसं?" तुम्ही मला डाव्या बाजूला नेलंत. कठड्याखाली, पाण्याच्या वर हातभर, एक नळी बाहेर आलेली. इंजिनाला थंड करून आलेलं पाणी तिच्यातून धार धरून समुद्रात पडत होतं. "ही दिसतेय ना? जाड पडतेय ना? मंग झालं." मग आत येऊन एक लाकडी दांडकं घेतलंत, एक टोक इंजिनावर टेकवलंत, दुसरं दातात धरलंत, आणि डोळे मिटून ऐकत राहिलात. "पोट साफ हाय तिचं," म्हणालात. मी हसलो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

चार महिने मी तुमच्या मागं भुणभुण लावली. नयनाला पुढं केलं, आईंना पुढं केलं. शेवटी तुम्ही म्हणालात, "जावईबापूंची हौस हाय तर होऊन जाऊ द्या." एका रविवारी ओहोटीला बोट चिखलात टेकली असताना मी कामाला लागलो. नवी पाटी. ऑइलच्या दाबाचा काटा, गरमीचा काटा, बॅटरीचा काटा. आणि एक भोंगा. ऑइलचा दाब पडला किंवा इंजिन तापलं की तो बोंबलणार. मी तुम्हाला शिकवलं की चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, तो वाजलाच पाहिजे. नाही वाजला तर कुठंतरी तार तुटली समजायचं आणि बंदर सोडायचं नाही. हे तुम्हाला लई आवडलं. "सकाळी उठून आरवणारा," म्हणालात, आणि त्याचं नाव कोंबडा पडलं. सगळ्या बंदराला बोलावून तुम्ही कोंबडा ऐकवलात. 'आमच्या जावयानं बसवलाय.' तंबाखूच्या डबीसाठी मी एक चौथं भोक मुद्दाम पाडून दिलं होतं.

ऑइलचं काम मी चोख केलं होतं, त्याबद्दल कुणी बोट दाखवू शकणार नाही. घोळ केला तो गरमीच्या काट्यात.

त्या काट्याचा सेन्सर बसवायची खरी जागा इंजिनाच्या हेडमधे. तिथं एक लोखंडी बूच होतं, गंजून घट्ट बसलेलं. मी पाना लावला, हातोडी मारली, डिझेल सोडून अर्धा तास वाट पाहिली. हललं नाही. भरती यायला लागली होती, बोट तरंगायच्या आत काम उरकायचं होतं. मग मी सोपी वाट धरली. गरम पाणी इंजिनातून बाहेर पडून ज्या नळीनं डाव्या बाजूला जातं, त्या नळीच्या वाकणावर सेन्सर बसवून टाकला. भोंग्याचा स्विचही तिथंच, शेजारी. पाणी वाहत असेल तोवर काटा अगदी बरोबर. पण पाणी यायचंच बंद झालं, तर गरम पाणी त्या नळीपर्यंत पोचणारच नाही. तिकडं इंजिन भाजून निघेल आणि इकडं नळी गार पडत जाईल. काटा आपला हिरव्यात निवांत, आणि कोंबडा मुका.

हे मी कारखान्यात नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो, मामा. चुकलं तर तासतो त्यांना. आणि स्वतः काय केलं? वर तुम्हाला म्हणालो, "आता धार बघत बसायची गरज नाही. काटा बघायचा."

मग गेल्या वर्षीची होळी. सणाला म्हणून आम्ही इथंच होतो. दुपारी बंदरावर आरडाओरडा झाला, शिडावर बोट आली, शिडावर बोट आली! पोरं मोबाइल घेऊन धावली. मीही धावलो. बघतो तर हिराबाई. इंजिन बंद, शीड भरलेलं, सुकाणूवर तुम्ही उभे. काय दिसत होतात! बोट अलगद धक्क्याला लागली. मी उडी मारून आत गेलो आणि पहिला प्रश्न तुम्हाला नाही, काट्याबद्दल विचारला. "काटा कुठं होता?"

तुमच्या शेजारी पांडूकाका उभे होते, तुमचे जुने खलाशी. ते काही बोलणार एवढ्यात तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवलात. धक्क्यावर शंभर माणसं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "माझी चूक झाली, बापू. पान्याचा कॉक उघडायला इसरलो."

"आणि कोंबडा? वाजला नाही?"

"वाजला असंल. मला ऐकू आला नाय."

मी इन्स्ट्रुमेंटचा माणूस ना! मला तिथल्या तिथं संशय यायला हवा होता. समुद्राचं पाणी इंजिनात घेणारा कॉक न उघडता बोट तासभर चाललीच कशी? पण नाही. मी काय केलं, तर तुमच्यापुढं, तुमच्या पोरापुढं, सगळ्या गावापुढं तुम्हाला भाषण दिलं. "मामा, वय झालं की होतं असं. म्हणून तर बसवलाय काटा. धार बघायचे दिवस गेले आता." तुम्ही मान खाली घालून ऐकलंत. मला वाटलं, पटलं तुम्हाला.

इंजिनाचं हेड उघडावं लागलं. तेव्हा ते गंजलेलं बूच हेडसकट मेकॅनिकच्या टेबलावर आलेलं असणार, दोन मिनिटांत निघालं असतं. मी ड्युटीवर होतो, म्हटलं, आपलं काम बरोबरच आहे, जसं होतं तसं जोडा. दुसरी संधीही अशी गेली.

आणि बंदरावर एकच बोलणं. 'नाखवा इसरायला लागला. कानानंपन गेला.' चाळीस वर्षं बोट मारलेला माणूस, आणि मासळी उतरवता उतरवता माणसं तुम्हाला मोठ्यानं, तोंड हलवून हलवून बोलायला लागली. पुढच्याच फेरीला तुम्ही सुकाणू धनेशच्या हातात दिलंत. 'आता पोरानं बघावं.' आम्ही सगळे म्हणालो, बरं केलंत. मी तर तुम्हाला पालघरला कानाच्या डॉक्टरकडं नेलं, आठवतंय? डॉक्टर म्हणाले, या वयात एवढे चांगले कान मी पाहिले नाहीत. बाहेर आल्यावर मी गोंधळलो, तर तुम्ही म्हणालात, "मशिन बिघडलं असंल त्याचं." आणि रस्ताभर खिडकीतून बाहेर बघत होतात. अहो, एवढं सगळं ढळढळीत समोर होतं आणि मी त्या मशिनची कंपनी कुठली याचा विचार करत होतो!

त्यानंतर बोटीवर तुमची एकच जागा. डावा कठडा. जाताना, येताना, एक हात कठड्यावर टाकून खाली पाण्याकडं बघत बसलेले. मधेच हात वर करायचात. "धन्या, इंजिन बंद कर, डोकं उठलंय त्या आवाजानं." धनेश करवादायचा पण बंद करायचा. पाच-दहा मिनिटं तुम्ही इंजिनाजवळ काहीतरी खुडबुड करायचात आणि मग म्हणायचात, "हां, कर चालू." खलाशी आपसात हसायचे. धनेशनं मला दोनदा सांगितलं, "भावजी, बाबांचं डोकं फिरत चाललंय."

शेवटच्या तापात तुम्ही एकदा ते परत बोललात. धनेश पायाशी, मी उशाशी. तुम्ही धनेशला म्हणालात, "मुडद्या, धार बघत जा." धनेश म्हणाला, "काटा हाय ना, बाबा." आणि मी, शहाणा, तुमच्या कपाळावरची पट्टी बदलत म्हणालो, "काळजी करू नका मामा, काटा आहे." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. खूप वेळ बघितलंत. मला वाटतं, बोलायचं होतं तुम्हाला. मग डोळे मिटून म्हणालात, "हां. काटा हाय." ते आपलं शेवटचं बोलणं.

आता कालचं ऐका.

सकाळी आईंनी हिराबाईला नारळ वाढवला. धनेशनं चावी फिरवली, कोंबडा आरवला, सगळ्यांनी डोळे पुसले. धनेश आणि पाच खलाशी. पहिली फेरी म्हणून लांब जायचं नाही, संध्याकाळच्या भरतीला परत, असं ठरलं होतं. बोट खाडीतून बाहेर पडेपर्यंत आम्ही धक्क्यावर होतो. घरी येऊन मी चहा घेत बसलो, तर पांडूकाका आले. गुडघ्यांमुळं ते आता बोटीवर जात नाहीत. काठी टेकवून दारातच उभे राहिले, बसले नाहीत.

"जावईबापू, डाव्या कठड्यावर आज कोन बसलंय?"

"कुणी नाही. का?"

"मंग तुमी काटा बदललात का?"

"कुठला काटा?"

म्हातारा खाली बसला, मामा. कपाळाला हात लावून बसला. "नाखव्यानं मला शपथ घातली व्हती," म्हणाला. "तो गेला, आता शपथ सुटली का नाय, देव जाने. पन सहा पोरं दर्यात हायेत." आणि मग सगळं सांगितलं. होळीच्या दिवशी पाण्याच्या नळीत प्लॅस्टिकची पिशवी शिरली होती. काटा हिरव्यात होता, कोंबडा गप्प होता. तुम्ही दांडकं दाताला लावलंत आणि एकदम ओरडलात, "बंद कर!" इंजिनावर पाणी शिंपडलं तर चर्र करून वाफ झालं. काट्याकडं बोट दाखवून पांडूकाका म्हणाले, हा खोटा हाय. तर तुम्ही म्हणालात, "हाय. पन धक्क्यावर जावई उभा असंल. त्याचं तोंड खाली पडाय नको. घाटावरून आलेला पोर, आपल्या गावात त्याला कोन हाय?"

माझ्या हातातला कप मी कुठं ठेवला मला आठवत नाही.

पिशव्या तर रोजच्याच, काका म्हणाले. महिन्यात तीन-चार वेळा तरी धार बारीक व्हायची. तुम्ही डोकं दुखायचं सोंग करून इंजिन बंद करवायचात आणि पाणी आत घेणाऱ्या नळीची जाळी गुपचूप साफ करायचात. म्हणजे वर्षभर त्या बोटीचा भोंगा तुम्ही होतात. आणि काल तिथं कुणीच नव्हतं.

धनेशला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला. खलाश्यांना लावला. नयना स्वयंपाकघरातून आली, माझं तोंड बघून तीही लावत बसली. मी धक्क्याकडं पळालो, नयना मागोमाग. तुमची सून गरोदर आहे, हे सारखं डोक्यात येत होतं. धक्क्यावर एक बोट डिझेल भरत होती, तिच्यावर वायरलेस होता. मी नाखव्याला म्हणालो, हिराबाई लावून द्या. त्यांनी दोन-तीनदा पुकारा केला. नुसती खरखर. मग मधल्याच कुठल्यातरी बोटीवरून आवाज आला, दिसतेय आमाला, सांगतो थांबा. आणि मग धनेश, फार बारीक आवाजात. "बोला भावजी. काय झालं? आई बरी हाय ना?"

"आई बरी आहे. धनेश, धार बघ."

"काय?"

"डावीकडची पाण्याची धार. माणूस पाठव आणि बघ."

तो हसला. "काटा बगतोय ना. हिरव्यात हाय. काय काळजी करू नका, तुमी बसवलाय."

मामा, तेव्हा मला कळलं की मी कुठं उभा आहे. वायरलेस म्हणजे काय, तुम्हाला सांगायला नको. गावचा ओटाच तो. पंचवीस-तीस बोटी ऐकत होत्या, धक्क्यावर पंधरा-वीस माणसं माझ्याभोवती जमली होती. त्याला नुसतं 'बघ' म्हणून भागणार नव्हतं. माझ्या काट्यावर त्याचा विश्वास होता, तुमच्या धारेवर नव्हता, आणि तो विश्वास मीच त्याच्या डोक्यात भरला होता. खरं सांगतो, एखादी थाप सुचतेय का, असंही मनात आलं. मग तुम्ही शंभर माणसांत मान खाली घालून उभे होतात ते आठवलं.

मी बटण दाबून ओरडलो, "काटा खोटा आहे! मी चुकीच्या जागी बसवलाय. पाणी बंद झालं तर तो हिरव्यातच राहतो आणि कोंबडा वाजत नाही. माझी चूक आहे. इंजिन बंद कर आणि धार बघ!"

बटण सोडलं. खरखर. माझ्या पायातली चप्पल सुटली होती, ती घालायचंही सुचत नव्हतं. किती वेळ गेला? नयना म्हणते, चार-पाच मिनिटं असतील. मला त्या वेळात तुमच्या आईंचं नाव असलेली ती अख्खी बोट डोळ्यापुढं दिसत होती, फळीन् फळी.

"भावजी." आवाज आला तेव्हा मी कठडा धरला. "बंद केलं. धार बारीक व्हती, करंगळीएवढी. जाळीत पिशवी व्हती, काढली. इंजिन हाताला गरम लागतंय, पन ठीक हाय. थंड झालं की चालू करतो. एक माणूस धारेवर बशिवलाय."

धक्क्यावर सगळे एकदम बोलायला लागले. कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी खाली बसणार एवढ्यात तो परत बोलला, आणि या वेळी आवाज निराळाच होता.

"भावजी, मंग होळीला बाबा कॉक इसरले नव्हते?"

"नाही."

"त्यांना ऐकू येत व्हतं?"

"सगळं येत होतं, धनेश. तुझे बाबा काही विसरले नव्हते. माझ्यासाठी खोटं बोलले."

मग एका म्हाताऱ्या नाखव्याचा आवाज आला, तुमच्याच वयाचा असावा. "आमी त्याला भयरा म्हनालो रं." एवढंच म्हणाला.

घरी आलो, आईंच्या पायावर डोकं ठेवलं. मला वाटलं, त्या रडतील, बोलतील. त्या म्हणाल्या, "मला ठाव व्हतं. रातीला मांजर दूध प्यायलं तरी त्या मानसाला ऐकू यायचं. पन इचारलं की म्हनायचे, तू गप बस, घरातलं हाय." आणि मला उठवून ताट वाढलं. वेगळ्या टोपातलं वरण.

मामा, तुमच्यावर राग आहे माझा. खरंच आहे. एकदा, फक्त एकदा, मला बाजूला घेऊन म्हणाला असतात, 'काटा चुकलाय तुझा, नीट कर.' दोन तासांचं काम होतं हो! माझा मान राखायला तुम्ही स्वतःची अब्रू घालवलीत, सुकाणू घालवलंत. ते तुमचं होतं, तुम्ही घालवलंत. पण काल धनेश गेला असता. पाच घरची पोरं गेली असती. मानपान कुठवर करायचा याला काही माप? आणि हे तुम्हाला विचारतोय मी, ज्यानं वर्षभर तो मान ऐटीत घेतला, खुर्चीत बसून. भांडायचं आहे मला तुमच्याशी, आणि तुम्ही कायमचे निसटलात.

संध्याकाळी बोट दिसली तेव्हा अख्खं बंदर उभं होतं. इंजिनावरच आली. डाव्या कठड्यावर एक खलाशी बसला होता, तुमच्यासारखाच, एक हात कठड्यावर टाकून, खाली बघत. आई ते बघून पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या.

मी पाने आणि डिझेलचा डबा घेऊन तयारच होतो. बोट लागली तसा आत उतरलो. धनेश समोर आला. डोळे लाल. मी म्हणालो, "आधी बूच काढतो, मग बोलू." त्यानं मान हलवली आणि, काय सांगू मामा, सवयीनं खाली वाकला. माझ्या चपला उचलायला. म्हणाला, "बसा भावजी, दमला असाल. चुका कोनाच्या होत नाय?"

तुमचा पोरगा. अगदी तुमचाच. मी त्याच्या हातातून चपला ओढून घेतल्या. "धनेश, हे नको. तुझ्या बापानं हेच केलं. मी तुझा जीव घेणार होतो आज. शिव्या घाल मला."

तो बघत राहिला. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. जावयाला कसं बोलायचं, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मग एकदम त्यानं माझी कॉलर धरली आणि त्या सगळ्या बंदरासमोर, तुमच्याच आवाजात, ओरडला, "मुडद्या! आमच्या बाबाला भयरा केलास! मुडद्या, कर आता नीट तो काटा, माझ्यासमोर कर!"

आणि रडत माझ्या गळ्यात पडला.

बूच निघालं, मामा. दोघांनी एकाच पान्यावर जोर लावला, तासभर लागला. सेन्सर आता हेडमधे आहे, जिथं तो पहिल्या दिवशी असायला हवा होता. भोंग्याचा स्विचही. पाण्याचा कॉक मुद्दाम बंद करून, धनेशच्या डोळ्यादेखत इंजिन तापवून पाहिलं. काटा लालला टेकला आणि कोंबडा असा बोंबलला की पांडूकाका त्यांच्या दारातून ओरडले, "पुरे, पुरे!" तरीही डाव्या कठड्यावर माणूस बसणार, हे धनेशनं ठरवलंय, आणि मी विरोध केला नाही. तुमचं दांडकं पाटीशेजारी अडकवलंय. डबी तिच्या भोकात आहे.

आज सकाळी धनेशनं ओट्यावरून हाक मारली, "ए मुडद्या, चहा घे." खुर्ची दिली नाही, कपही त्याचाच अर्धा. लग्नाला सात वर्षं झाली, पण तुमच्या घरात मला काल घेतलं. तुम्ही असताना घेतलं असतंत तर?